एक पदर पोपटी, एक पदर विटकरी

मुलीने बंगळुरूहून भरतकामाचा डबा पाठवला, तेव्हा मी आधी तिच्यावरच चिडले. फेब्रुवारीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डबा आला तो मे महिन्यात. तीन महिने मी एका माणसाच्या उठण्याबसण्यात सकाळची संध्याकाळ करत होते, आणि ही फोनवर मला सांगते, "आई, तू स्वतःसाठी काहीतरी कर." स्वतःसाठी करायचंच असतं तर मी झोपले असते.

"हे" म्हणजे माझा नवरा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी मी त्यांचं नाव घेत नाही, आणि लिहितानाही हात अडतो. वाचणाऱ्याने चालवून घ्यावं.

डब्यात मॅटीचं कापड होतं, एक लाकडी रिंग, बोथट टोकाची सुई, नंबर लावलेल्या दोऱ्यांच्या लड्या आणि एक छापील चित्र. चित्रात बर्फात बुडालेलं लाकडी घर, त्याला विटांचं धुराडं आणि पुढे एक हरीण. तळेगावात सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी बर्फ भरायचा! फुलीचा टाका मला नवा नव्हता. माझ्या रुखवतावर दोन पोपट, एक मोर आणि "सुस्वागतम्" असं सगळं माझ्या हातचं होतं, आणि सासरच्या बायकांनी ते उलटं करून मागची बाजू तपासली होती. मागेही गाठ दिसली नाही म्हणून माझा मान राहिला. पण त्यानंतर सुई हातात आली ती फक्त बटणं लावायला.

डबा कपाटावर टाकला. महिनाभर तो तिथेच पडून होता.

डॉक्टरांनी एकच गोष्ट धड सांगितली होती. म्हणाले, ह्यांना किती समजतं ते आज सांगता येणार नाही, ओळखीच्या वस्तू दाखवत राहा, ओळख पटली तर तुम्हालाच कळेल. मी दाखवत राहिले. लग्नाचा अल्बम दाखवला. फॅक्टरीचं ओळखपत्र, स्कूटरची किल्ली, मुलीचा लहानपणीचा फ्रॉक. हे बघायचे. म्हणजे डोळे त्या वस्तूकडे असायचे. पण डोळे असणं वेगळं आणि बघणं वेगळं, आणि ह्यातलं कुठलं चाललंय ते मला ठरवता येईना. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा माणूस आत आहे की नाही. आहे असं कळलं असतं तर मी आणखी दहा वर्षं उपसलं असतं. नाही असं कळलं असतं तर निदान दिवसभर एकटीने बोलायचं तरी थांबवलं असतं.

ह्यांचं गाव पवन मावळात. थोरले दीर आणि जाऊबाई अजून तिथेच असतात, भाताची खाचरं करतात. हे शिकले आणि इकडे फॅक्टरीत लागले, तेव्हापासून आम्ही तळेगावचे झालो. गावच्या शेतामागे एक डोंगर आहे. त्यावर किल्ला नाही, खाली लेणी नाहीत, धबधबासुद्धा नाही, त्यामुळे शनिवार-रविवारीही तिकडे कोणी फिरकत नाही. ह्यांचा मात्र त्याच्यावर भारी जीव. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास, भात पिवळं पडायला लागलं की हे गावी जाणार, ठरलेल्या बांधावर उभे राहणार आणि ठरलेल्या जागेवरून त्या डोंगराचा फोटो काढणार. फोनमध्ये माझे फोटो चार आणि डोंगराचे चाळीस. मी चिडवायचे, "त्याच्याशीच लग्न लावायचं होतं की." हे म्हणायचे, "इचारलं हुतं, तो न्हाई म्हनला."

जूनमध्ये एका दुपारी मी कपाटावरचा डबा काढला आणि ठरवलं की हा डोंगर भरायचा. चांगला हातभर रुंद. रोज त्यांच्या समोर बसून भरायचा, म्हणजे रोज तो थोडा थोडा वाढेल आणि एक दिवस त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल. फोनमधला फोटो दाखवून झाला होता. पण फोन समोर धरला की हे डोळे मिटून घ्यायचे, त्यांना तो उजेड सोसत नव्हता. फोटो मोठा छापून आणता आला असता, हे मला फार उशिरा सुचलं. तोवर पायथा भरून झाला होता.

पहिली अडचण हिरव्याची आली. डब्यातले दोरे बर्फाच्या हिशेबाने दिलेले: पांढरे, निळे, करडे, धुराड्यासाठी एक विटकरी आणि झाडांसाठी काळपट हिरवा. तळेगावच्या दुकानात हिरवे सात होते, सातही भडक. पोपटी घेतला तर डोंगर शाळेच्या चित्रकलेतला दिसायचा, बाटलीचा हिरवा घेतला तर मखमलीसारखा. फोटोतला डोंगर ह्यातला कुठलाच नव्हता. तो हिरवा होता, पण हिरव्याचा माज उतरलेला.

भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो. लडीतून कापलेला तुकडा सोडवून त्यातले दोन पदर सुईत ओवायचे, फुलीला तेवढे पुरतात. मग दोन्ही पदर एकाच रंगाचे कशाला हवेत, असं एकदा ह्यांना पेज भरवता भरवता माझ्या मनात आलं. पेज संपवली, तोंड पुसलं आणि एक पदर पोपटी, एक पदर शेवाळी असे दोन्ही एकाच सुईत घातले. दहा फुल्या घातल्या. जवळून बघितलं तर दोन रंग वेगळे दिसत होते. उठून स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं तर तिसराच रंग, जो कुठल्या लडीत नव्हता. खरं सांगते, कितीतरी महिन्यांत मला पहिल्यांदा कशाची तरी उत्सुकता वाटली.

मग नादच लागला. कापडाच्या काठावर मी लहान लहान चौकोन भरून बघायला लागले आणि कोणता पदर कशाशी जोडला ते वहीत मांडत गेले. पोपटी आणि निळा: पाण्यातलं गवत. शेवाळी आणि पिवळा: आजारी. बाटली आणि करडा: लांबचा, पण पावसातला. एक गंमत लक्षात आली. दोन रंगांचे पदर एका सुईत असले की कधी हा वर येतो, कधी तो. दोन फुल्या सारख्या होत नाहीत. आधी मी सुईने पदर नीट बाजूबाजूला बसवत होते. मग सोडून दिलं. डोंगरावरचं गवत कोणी बाजूबाजूला बसवलेलं नसतं.

आणि हे सगळं चाललं होतं पावसाळ्यात. मावळातला पावसाळा बाहेरच्या माणसाला दोन दिवस छान वाटतो. आम्हाला चार महिने तो अंगावर काढायचा असतो. जूनच्या मध्यापासून दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागते. खुर्च्यांच्या पाठींवर ओली चादर, दारांवर ओले टॉवेल, चपलांच्या पट्ट्यांना बुरशी. घरात एक अंथरूण धरलेला माणूस असेल तर धुणं किती असतं ते ज्याने धुतलंय त्यालाच विचारा. मी चादरी पंख्याखाली वाळवत होते, इस्त्रीने वाळवत होते, एकदा तर गॅसजवळ धरली आणि काठ जाळून बसले. त्या सगळ्यातून उसंत मिळाली की ट्यूबखाली स्टूल घेऊन बसायचं आणि फुल्या घालायच्या.

बरेच प्रयोग करून मी पोपटी आणि राखाडीवर येऊन थांबले. एक पदर पोपटी, एक पदर राखाडी. पोपटीचा भडकपणा राखाडीने मारला जायचा. फोटोशेजारी धरलं तर हुबेहूब. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरात कौतुक करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने म्हणाले, "वा!"

मग ते घेऊन ह्यांच्यासमोर गेले. ह्यांची खुर्ची हॉलमध्ये, गॅलरीचं दार त्यांच्या डाव्या हाताला. मी कापड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. म्हटलं, "ओळखा पाहू." ते बघत राहिले. मग डावा हात उचलला आणि दोन बोटांनी कापड बाजूला सारलं.

मी परत धरलं. त्यांनी परत सारलं.

दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांनी, डोंगराचा खांदा भरून झाल्यावर, तेच. तोंडातून आवाज नाही, कपाळावर आठी नाही, फक्त दोन बोटं. नको असलेलं ताट सारतात तसं. आधी मला वाईट वाटलं, मग राग आला, आणि शेवटी दोन्हीचा कंटाळा आला. पण हात थांबले नाहीत. अर्धवट डोंगराकडे बघवत नव्हतं, एवढंच कारण.

वास्तविक रंगांच्या बाबतीत ह्यांच्यासारखा हट्टी माणूस मी बघितला नाही. फॅक्टरीत ते रंगखात्यात होते, गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्याला शेड जुळवायची हे काम. एकतीस वर्षं तेच केलं आणि ते घरीही घेऊन आले. एकदा आम्ही पुण्याला साडी घ्यायला गेलो. दुकानदाराने गादीवर ढीग लावला. मी एक डाळिंबी पसंत केली. हे उठले, साडी उचलली आणि अनवाणीच थेट रस्त्यावर. दुकानातला माणूस "ओ साहेब, ओ साहेब" करत मागे. भर रस्त्यात साडी उन्हात धरून म्हणाले, "ही डाळिंबी न्हाई, कांद्याची साल हाय ही." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साडी घेतली नाही, आणि मी आठ दिवस अबोला धरला. गॅलरीच्या गजांना रंग द्यायचा होता तेव्हा ह्यांनी चांगल्या हिरव्या रंगाच्या डब्यात दोन चमचे तांबडं रेड ऑक्साइड ओतलं. मी बोंब ठोकली, रंग नासवला म्हणून. आता सोसायटीतली माणसं वर बघून विचारतात, हा हिरवा कुठे मिळाला.

अशा माणसाने माझ्या हिरव्याकडे बघून ताट सारल्यासारखं सारावं, ह्याचा अर्थ मी एकच लावला. आत कोणी नाही.

ऑगस्टमध्ये राखाडी दोरा संपला. तळेगावात तोच राखाडी मिळेना. लोणावळ्याला बाजारात एक जुनं दुकान आहे, बटणं, लेस, दोरे वगैरेंचं. जाऊबाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांना बसवलं आणि पुण्याकडून येणारी लोकल पकडून गेले. अर्ध्या तासाचा प्रवास, पण फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडले होते. लोणावळ्यात धुकं आणि माणसं ह्यांची सारखीच गर्दी. चिक्कीच्या पिशव्या, भिजलेले बूट, कणसाचा धूर. दुकानदाराने राखाडी शोधून दिला, पाच मिनिटांत काम झालं. तरी मी स्टेशनावर येऊन बाकड्यावर बसले आणि परतीच्या दोन गाड्या सोडल्या. काही विचार करत नव्हते. कोणाची मान धरायची नव्हती, कोणाला कुशीवर वळवायचं नव्हतं. तिसरी गाडी आली तेव्हा उठले, कारण जाऊबाईंच्या इन्सुलिनची वेळ होत आली होती आणि ते मलाच टोचायचं होतं.

घरी आले तर जाऊबाई ह्यांच्या पुढ्यात मांडी घालून कापड बघत होत्या. सत्तरीच्या आहेत, पण नजर तीक्ष्ण.

"ह्यो आपला डोंगुर व्हय गं?"

"हो, बाई. ओळखलात?"

"न वळकायला काय झालं? आकार त्योच हाय." मग कापड जरा लांब धरलं. "रंग मातुर लय गप वाटतोय. ट्यूबमुळं आसंल."

मी चहा टाकला. चहा घेताना त्या म्हणाल्या, "भावजी काय बोलत्यात का कवा? हितं मी दोन तास बडबडले, हूं न्हाई का चूं न्हाई."

आणि मी बोलले. ह्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर, आवाजसुद्धा न उतरवता बोलले. म्हणाले, "बाई, हे तेव्हाच गेले असते तर बरं झालं असतं. ते सुटले असते आणि मीही सुटले असते. आता उरलंय काय? नुसतं धुणं."

जाऊबाईंनी बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडलेसुद्धा नाही. खरं ते बोलले होते, आणि बोलून बरं वाटलं होतं. हे खुर्चीत डोळे मिटून होते.

नवरात्राच्या शेवटी शेवटी डोंगर पुरा झाला. मी तो ह्यांना दाखवला नाही. घडी घातली आणि चादरींच्या कपाटात ठेवून दिला.

दसऱ्यानंतर आकाश मोकळं झालं. आमच्या समोर आता नवी इमारत उभी आहे. आधी तिथून थेट वराळ्याकडची शेतं दिसायची, आता तिच्या भिंतीवरचे नळ दिसतात. तिच्या दोन भागांमधल्या फटीतून गॅलरीत ऊन येतं ते सकाळी सव्वानऊला, आणि तासाभरात जातं. तेवढ्या तासात चार महिन्यांचं घर वाळवायचं असतं. मी गाद्या टाकल्या, उश्या टाकल्या, लोकरीची पांघरुणं टाकली. चादरींबरोबर ते कापडही हाताला लागलं. कुबट वास येत होता. गजाला चिमटे लावून तेही टांगलं आणि दूध आटोपायला आत गेले.

परत आले आणि दारातच थांबले. गजावर माझा डोंगर नव्हता. म्हणजे आकार तोच, पण पोपटीचे ठिपके वेगळे होऊन चमकत होते आणि राखाडी जांभळट पडला होता. सगळा मिळून पाण्याच्या जुन्या टाकीवर शेवाळ चढावं तसा. ट्यूबखाली चार महिने हुबेहूब असलेला डोंगर उन्हात एका मिनिटात खोटा ठरला. आणि त्याच्या मागे ह्यांनी रंगवलेले गज, तांबडं घातलेला तो हिरवा, उन्हात जसाच्या तसा शांत.

पहिल्यांदा मला रागच आला. चार महिने! मग ती साडी आठवली. भर रस्त्यात अनवाणी उभा असलेला माणूस आठवला. फॅक्टरीतही हे ट्यूबखाली कधी शेड पास करायचे नाहीत. रंगवलेला पत्रा घेऊन गेटबाहेर उन्हात जायचे, आणि ऊन नसलं तर पत्रा ठेवून द्यायचे, साहेब कितीही ओरडू दे. हे मला माहीत होतं. एकतीस वर्षं ऐकलं होतं. तरी मी ट्यूबखाली बसून रंग जुळवले आणि स्वतःला "वा" म्हणून घेतलं.

चिमटे काढता काढता माझे हात थांबले. ताट नको असलं की हे ताट कसं सारतात? सरळ, समोर, माझ्याकडे. रोज तीन वेळा बघते. कापड मात्र त्यांनी एकदाही माझ्याकडे सारलं नव्हतं. प्रत्येक वेळी डावीकडे. गॅलरीच्या दाराकडे.

मी तिथेच ओल्या गादीवर बसले.

गॅलरीला दोन इंचांचा उंबरा आहे. त्याच्या भीतीने मी ह्यांना पावसाळाभर बाहेर काढलं नव्हतं. त्या सकाळी पाटाचा उतार केला, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दोनदा अडकून, एकदा कपाळमोक्ष होता होता, खुर्ची उन्हात आणली. कापड मांडीवर पसरलं. ह्यांनी ते सारलं नाही. खूप वेळ बघितलं. मग डाव्या अंगठ्याच्या नखाने डोंगराच्या खांद्यावरची एक फुली खरवडायला लागले. मी थोडा वेळ बघत राहिले, आणि मग आतून कात्री आणली. उसवताना भरण्याहून जास्त जपावं लागतं, कापडाची वीण तुटली की संपलं. मी मागून एक एक फुली कापत होते आणि हे धाग्यांचे तुकडे चिमटीत धरून खाली टाकत होते. वीस-पंचवीस फुल्यांची जागा मोकळी झाली.

दोऱ्यांचा डबा मांडीवर ठेवला. म्हटलं, "घ्या. तुम्हीच सांगा."

डावा हात डब्यात फिरला. फार हळू. पोपटीची लडी काढून मांडीवर ठेवली. ती माझीच निवड होती, ह्यात काही विशेष नाही म्हटलं मी. मग हात परत गेला. राखाडी बाजूला केला, करडा बाजूला केला, बाटलीचा हिरवा डब्याबाहेर पडला. शेवटी तळातून त्यांनी जी लडी काढली ती अजून कागदी पट्टीतच होती, एकदाही न सोडलेली. बर्फातल्या घराच्या धुराड्याची. विटकरी. ती त्यांनी पोपटीवर आडवी ठेवली.

हिरव्या डोंगरात वीट! क्षणभर मी परत मनात म्हटलं की नाही, ह्यांना काही कळत नाही. पण एवढं झाल्यावर वाद कोण घालणार. एक पदर पोपटी, एक पदर विटकरी, सुई ओवली. पहिल्या चार फुल्या वाकड्या गेल्या. वीस घातल्यावर कापड हातभर लांब धरलं. तिथे तांबडं दिसत नव्हतं आणि पोपटीही दिसत नव्हतं. दसऱ्याचा डोंगर होता, गवत पिकायला लागल्यावर होतो तो, बांधावरून दिसतो तो.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी दुसरंच लक्षात आलं. माणूस आत होता. म्हणजे सगळे दिवस आत होता. मी खोटा डोंगर भरत होते तेव्हा होता, बाहेर ने, उन्हात बघ, असं सांगून सांगून दमला होता तेव्हाही होता. आणि ऑगस्टमध्ये, मी चार हातांवर बसून चहा पीत होते तेव्हाही होता.

सुई कापडात खोचली आणि त्यांच्या गुडघ्यापाशी खाली बसले. म्हटलं, "जाऊबाई आल्या होत्या तेव्हा मी बोलले, ते तुम्ही ऐकलंत ना?"

हे माझ्याकडे बघत होते. ह्या वेळी नुसते डोळे नव्हते, हे मला कळलं. त्यांनी मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

म्हटलं, "मी दमले होते हो. अजूनही दमलेली आहे. पण ते बोलायला नको होतं."

समोरच्या इमारतीची सावली सरकत सरकत खुर्चीच्या चाकापर्यंत आली होती, कापडाचा अर्धा भाग सावलीत गेला होता. ह्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं, माझ्या डोक्यावर ठेवतील. त्यांनी दोन बोटांनी कापड सारलं, उरलेल्या उन्हाच्या तुकड्याकडे.

मी उठले, ब्रेक सोडला आणि खुर्ची हातभर पुढे सरकवली. मग स्टूल ओढून घेतलं आणि सुई परत ओवली. ऊन जायला अजून दहा मिनिटं होती.